वाकड्या चोचीचे पूर्वज

महाराजांना फोन लावला की पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं असे, "बोला, कोण गेलं?"

यात त्यांची चूक नव्हती. दुसऱ्या कामासाठी त्यांना कोणी फोन करतच नसे. जानेफळ आणि आसपासच्या खेड्यांत लग्न, वास्तू, सत्यनारायण करणारे गुरुजी वेगळे होते. आमच्या महाराजांकडे दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध आणि पितृपक्ष, एवढंच खातं. त्यांची पांढरी स्कूटी एखाद्या घरापुढे नुसती थांबली, तरी शेजारपाजारचे हातातली कामं टाकून बाहेर येत आणि आवाज खाली करून विचारत, "रातीच गेले का सकाळी?" एकदा पेट्रोल संपलं म्हणून ते कोणाच्या तरी दारापुढे थांबले. त्या घरातली म्हातारी अंगणात तूर पाखडत बसली होती. ती सूप उगारून त्यांच्या अंगावर आली. "म्होरं जाय बाप्पा, म्होरं जाय. मले नातवाचं लगन पाहाचं हाय अजून."

महाराज हे स्वतःच रंगवून सांगत आणि पोट धरून हसत. "बाई, मी दिसलो की लोकायले मरण आठवते. फुकटात वैराग्य देऊन राह्यलो मी गावाले, अन् कोणी आभार मानत नाही."

मला त्यांच्या घरात खोली मिळाली तीही या ख्यातीमुळेच. मी चिखलीची. जानेफळजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा रोजची ये-जा जमेना. सगळ्या जानेफळात उजेडाची, स्वतंत्र नळाची, रिकामी खोली एकच होती, आणि ती रिकामी का हे मला कोणी सांगेना. "तुमाले चालते का पाहा," एवढंच म्हणत. मला चाललं. काकूंच्या, म्हणजे महाराजांच्या बायकोच्या हातची ज्वारीची भाकरी आणि झुणका खाल्ल्यावर तर मला तिथे भूत असतं तरी चाललं असतं.

महाराज अंगाने वाळके, उंच, नाक बाकदार, डोळे मोठे आणि त्यावर जाड चष्मा. ते कोणासारखे दिसतात हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. डोक्यावर कायम हेल्मेट. स्कूटीवर असे ते ठीकच, पण नदीकाठी पिंड मांडतानाही ते काढत नसत. आतून येणारे मंत्र घागरीत तोंड घालून म्हटल्यासारखे घुमत. नवखे पाहुणे एकमेकांकडे बघत, जुने लोक त्यांना सांगत, "घारीमुळं हाय ते." आणि मग घारीची गोष्ट निघे.

ती गोष्ट मी तिथे जायच्या आधीची, पण मी ती इतक्या जणांकडून ऐकली आहे की आता मला मी तिथे होते असंच वाटतं. माझ्या शाळेच्या गावात सुदाम नावाचा शेतकरी आहे. थोडं सोयाबीन, थोडी तूर, बऱ्याचशा गावरान कोंबड्या आणि पोटात न मावणारं बोलणं, अशी त्याची मालमत्ता. बायको भली, पण बोलण्याच्या बाबतीत हात आखडता. त्यामुळे सुदाम दिवसभर बोले तो मायशी. माय शेताच्या बांधावर बसून त्याला उत्तरं देई, बहुतेक शिव्यांच्या रूपात. ती गेली आणि सुदाम एकदम गप्प झाला, इतका की गावाला चैन पडेना.

दहाव्याला पिंड मांडला. कावळा येईना. अशा वेळी घरच्यांनी एकेकाने पुढे होऊन, मेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा पुरी करायचं कबूल करायचं असतं. सुदाम हात जोडून म्हणाला, "माय, तुह्या लहान्या नातीचं लगन थाटात करीन." कावळा नाही. बायको म्हणाली, "सासूबाई, तुमची पोथी रोज वाचीन." कावळा नाही. सुदाम म्हणाला, "माय, काकासंग भांडन मिटवीन." काका तिथेच बसले होते, ते डोळे पुसायला लागले, पण कावळा काही आला नाही. ऊन चढलं. अशा वेळी दर्भाचा कावळा करून शिववतात, म्हणजे सुटका होते. पण दर्भाची जुडी महाराज घरी विसरून आले होते, आणि हे सांगायची त्यांची छाती होत नव्हती. तेवढ्यात वरून एक घार आली, महाराजांच्या टकलावर नख ओढून गेली आणि पिंड उचलून लिंबाच्या शेंड्यावर जाऊन बसली.

सगळे गार झाले. घारीनं पिंड नेला हे बरं की वाईट, कोणालाच माहीत नव्हतं. सुदामचा चेहरा पांढराफटक पडला. महाराजांनी टकलावरचं रक्त उपरण्यानं टिपलं आणि म्हणाले, "काऊन घाबरून राह्यले? याची माय काय साधी बाई होती? कावळ्याची हिंमत झाली असती का तिच्या पिंडाले शिवायची? स्वतःच आली ती."

जमलेल्या मंडळींनी क्षणभर विचार केला. म्हातारीला ओळखणारे पुष्कळ होते. त्यातला एक जण म्हणाला, "हाव, अशीच झपकन येत होती ते. कोनाच्या हातातलं घ्याचं म्हनलं तं विचारनं नाही का पुसनं नाही." मग सगळ्यांनी लिंबाकडे पाहून हात जोडले आणि जेवायला गेले.

"बाई, खरं सांगू काय?" महाराज मला म्हणाले होते. "सकाळपासून पोटात चहा बी नव्हता माह्या. कावळ्यानं अडवलं अन् घारीनं सोडवलं. म्हटलं, हिचं काही तरी भलं केलं पाह्यजे."

भलं झालं खरं. सुदाम आधी घार दिसली की गोफण घेऊन धावायचा, कारण तिचा डोळा पिल्लांवर असायचा. आता घार शेतातल्या लिंबावर बसली की तो खाली उभा राहून तिला दिवसभराची हकिकत सांगू लागला. सोयाबीनला शेंगा किती धरल्या, लहानीला कुठलं स्थळ आलं, बायको काय म्हणाली आणि मुख्य म्हणजे काय म्हणाली नाही. कोंबडी कापली की आतडी-कातडी तिच्यासाठी बांधावर ठेवू लागला. पोरांनी तिच्यावर दगड उचलला तर त्यांची कानशिलं लाल होऊ लागली. सुदाम पुन्हा बोलू लागला, याचा गावालाही आनंद झाला, कारण आता तो निदान दुसरीकडे तोंड करून बोलत होता.

आणि महाराजांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या शब्दाची ताकद कळली.

पाखरांतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. घार, शिकरा, ससाणा, घुबड, सगळं त्यांच्या लेखी एकच. "चोच वाकडी हाय ना? मंग ते आपलं." एवढं त्यांचं पक्षिशास्त्र. पण लोक ज्याला मारायला उठत ते नेमकं वाकड्या चोचीचंच असे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. घुबड अवलक्षणी म्हणून मारायचं, शिकरा कोंबडी नेतो म्हणून मारायचा, आणि मोठं काही दिसलं तर मोठं आहे म्हणून मारायचं. दिवाळीच्या अमावस्येला घुबडासाठी कुठून कुठून माणसं विचारत येत, तेही ते ऐकून होते. मग कुठे असं पाखरू मरणाच्या दारात आहे असं कानावर आलं की महाराज स्कूटी काढत, तिथे जात, हेल्मेटच्या काचेतून त्या पाखराकडे टक लावून पाहत आणि त्या घरातल्या एखाद्या मेलेल्या माणसाचं नाव घेत. सगळ्या घरांतले मेलेले त्यांना तोंडपाठ होते, तो तर त्यांचा धंदाच होता.

आमच्या शाळेतला प्रकार तर माझ्या डोळ्यांसमोर घडला. मोडके बाक टाकलेल्या खोलीत पांढऱ्या तोंडाचं घुबड राहायला आलं. पालक जमा झाले. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड नदीवर नेऊन घासतं आणि दगड झिजेल तसा माणूस झिजतो, असं तिकडे मानतात. म्हणून दगड नको, खोलीत मिरच्यांचा धूर करू, असं ठरत होतं. मी पुढे झाले. घुबड उंदीर खातं, ते शेतकऱ्याचा मित्र आहे, त्याला मारणं कायद्याने गुन्हा आहे, असं सगळं मी फळ्यावर चित्र काढून सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी एक पालक म्हणाला, "मॅडम, उंदरायले आमी पिंजरा आनून देतो. तुमी घुबडाचं पाहा."

मुख्याध्यापकांनी शांत करायला म्हणून महाराजांना बोलावलं. महाराज आले, दारात उभे राहिले. घुबड आमच्याकडे पाठ करून बसलं होतं. त्याने अंग जरासुद्धा न हलवता नुसती मान पूर्ण मागे फिरवली आणि आमच्याकडे पाहिलं.

"हे तं मोठे गुरुजी," महाराज म्हणाले.

मोठे गुरुजी म्हणजे या शाळेचे फार जुने हेडमास्तर. त्यांच्या छडीचे वळ अंगावर वागवणारी एक अख्खी पिढी गावात होती. त्या पिढीतले दोघे-तिघे पुढे झाले, आत डोकावले आणि एकदम मागे सरले. "हाव ना बे," एक जण दुसऱ्याला म्हणाला. "पाठ आपल्याकडं अन् डोये बी आपल्याकडं. फळ्यावर लिहता लिहता असेच पाहत होते ते." सरपंचांनी टोपी काढून हातात घेतली. ते चौथीत नापास झाले होते.

घुबड राहिलं. मिरच्या परत गेल्या. पोरं त्या खोलीवरून जाताना पाढे म्हणू लागली, आणि आमचे मुख्याध्यापक, जे मेहकरहून निवांत येत, ते प्रार्थनेच्या आधी हजर राहू लागले. जाता-येता त्या दाराला ते हळूच नमस्कारही करत, पण मी पाहिलं नाही असं दाखवत असे.

मला मात्र राग आला होता. त्या संध्याकाळी मी महाराजांना धारेवर धरलं. "मी पोरांना कार्यकारणभाव शिकवते आणि तुम्ही घुबडाचे हेडमास्तर करता. अंधश्रद्धा पसरवताय तुम्ही, काका."

"पसरलेलीच होती बाई," ते म्हणाले. "मी फक्त पाखराले तिच्यावर बसवलं."

"पण खोटं ते खोटंच."

"तुमचं खरं होतं ना? मंग धूर करायले काऊन निंघाले होते लोक?"

मी चिडून भाकरीचा तुकडा मोडला. काकू मला वरण वाढत म्हणाल्या, "तू नादी नको लागू पोरी यांच्या. यायले वाटते, हे अन् घुबड एकाच खात्यातले."

"हावच," महाराज म्हणाले. मग ताटाकडे पाहत बोलले. त्यांचा आवाज एरवीसारखा नव्हता. "बाई, माह्या तोंडानं जन्मभर मेलेलीच माणसं पोहोचवली. पोहोचली का नाही, देवाले ठाऊक. ही पाखरं पहिली अशी, की मी बोललो अन् जिती राह्यली. मले बरं वाटते ते. मी नाही सोडणार."

मी त्यांना तेव्हापासून मनातून मानू लागले, पण वाद घालायचं काही सोडलं नाही.

त्यांच्या पद्धतीत घोटाळेही फार होत. वाकडी चोच एवढंच लक्षण धरल्यामुळे त्यांनी एकदा एकाच्या पिंजऱ्यातल्या पोपटाला त्याचा आजोबा करून टाकलं. त्या बिचाऱ्याने आजोबांना पिंजऱ्यात ठेवल्याबद्दल माफी मागून पोपट सोडून दिला आणि त्याची पोरं दोन दिवस महाराजांच्या नावाने रडली. गोदाबाई म्हणून एक विधवा होती, तिच्या लिंबावर घुबडांची जोडी होती. महाराज तिला म्हणाले, "तुहा नवरा हाय तो." गोदाबाईने कमरेवर हात ठेवले. "त्यो गेला तवा मी सुटली, महाराज. आता पुन्हा दारात आनून बसवू नका." महाराज जरा विचारात पडले आणि म्हणाले, "मंग तुहा बाप समज." ते तिला पटलं. बापाशी तिचं चांगलं होतं. शेजारीण म्हणाली, अन् दुसरं घुबड? गोदाबाई म्हणाली, असन कोनी बापाच्या वळखीचं.

पण एका घोटाळ्याने मात्र घात केला.

सुदामच्या शेताला लागून ज्याचं शेत होतं त्याच्याशी सुदामचं धुऱ्यावरून, म्हणजे बांधाच्या हद्दीवरून, जुनं वाकडं. त्या शेजाऱ्याच्या आंब्यावर शिकऱ्याने घरटं केलं. शिकरा लहानसा, पण कोंबडीचं पिल्लू डोळ्यांदेखत उचलून नेणारा. शेजारी आंबाच तोडायला निघाला होता. महाराजांना कळलं, ते घाईघाईने गेले आणि शिकऱ्याला शेजाऱ्याचा आजा करून परत आले. शेजारी खूश झाला. त्याच्या आज्याचा धुऱ्यावर फार जीव होता. आता शिकरा सुदामच्या अंगणातून पिल्लू उचलून आंब्यावर आला की शेजारी बांधावरून मुद्दाम मोठ्याने बोले, "आनलं का आबा? बरं केलं. धुरा बी आपलाच होता."

सुदाम धुमसत महाराजांकडे आला. मी ओसरीवर वह्या तपासत होते. "महाराज, त्याचा आजा माह्या कोंबड्या काऊन नेते? माही माय कधी त्याच्या वावरात गेली का? तिले मी सांगतलं, इकडंच बसाचं, तं इकडंच बसते ते."

महाराजांनी त्याला समजावलं, पितरांच्या मनासारखं होऊ द्यावं वगैरे. मलाही तेव्हा हसूच आलं होतं. माणसं जिवंतपणी एकमेकांच्या बांधावर अतिक्रमण करतात, मेल्यावर कोंबड्यांवर करतात, एवढंच मला दिसलं. सुदाम उठून गेला, तो काय ठरवून गेला हे आम्हा दोघांनाही कळलं नाही.

त्याने एका मेलेल्या कोंबडीत फवारणीचं औषध भरलं आणि ती शेजाऱ्याच्या बाजूला, आंब्याच्या जवळ, धुऱ्यावर ठेवली. त्याआधी तो लिंबाखाली गेला. घार वर बसली होती. त्याने तिला नीट समजावून सांगितलं, "माय, तिकडल्या कोंबडीले तोंड लावू नोको. ते त्या बुढ्यासाठी हाय." दोनदा सांगितलं. मग निर्धास्त घरी जाऊन जेवला.

शिकरा मेलेलं खात नाही. तो स्वतः पकडतो, जिवंत. मेलेलं खाते ती घार. हे गावात फक्त मला माहीत होतं, आणि मला कोणी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा पीत होतो, तेव्हा अंगणात गलका झाला. सुदाम आला होता, मागे अर्धं गाव. त्याच्या हातात मायच्या जुन्या हिरव्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. एक तपकिरी पंख खाली लोंबत होता. त्याने ते ओसरीवर ठेवलं आणि शेजारी बसला. तो रडत नव्हता, याचीच भीती वाटली. त्याची बायको मागून म्हणाली, "कालपासून अन्न घेतलं नाही यायनं. पानी बी नाही." ती इतकं बोलताना मी प्रथमच ऐकलं.

"मी सांगतलं होतं तिले," सुदाम म्हणाला. "दोनदा सांगतलं. तरी खाल्लं. काऊन खाल्लं असन, महाराज? माह्यावर राग होता का तिचा?" मग माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमी शाळेत म्हनत होता ना, पाखरू मारलं तं कायदा हाय. मायले मारलं तं त्याच्याहून मोठा असन."

कायद्याची कलमं मला पाठ होती. मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

महाराज उठून आत गेले. मी मागे गेले. ते स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभे होते. त्यांना काय करायचं ते माझ्या लक्षात आलं. आता खरं सांगितलं, तर सुदाम मायला मारल्याच्या ओझ्यातून सुटेल. पण मग शाळेतले मोठे गुरुजी, गोदाबाईचा बाप, ते एकूणएक वाकड्या चोचीचं गणगोत पुन्हा नुसतं पाखरू होईल, आणि मिरच्यांचा धूर होईल. आणि महाराजांना नदीवर कोण बोलावणार? ज्याचा एक शब्द खोटा निघाला त्याच्या हातून बापाला पाणी कोण देणार? मी, जी रोज खऱ्याचा कंठशोष करत होते, तीच त्यांना कुजबुजून म्हणाले, "काका, दुसरं काहीतरी सांगा ना. मुक्ती मिळाली म्हणा. पाखराच्या जन्मातून सुटली म्हणा."

"सुटली म्हटलं तरी मारलं तं यानंच ना, बाई?" ते म्हणाले. "जन्मभर हाताकडं पाहत बसन तो."

काकूंनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. "सांगून टाका. त्याचं अन्न तुटलं. आपलं पाहू मंग."

महाराज बाहेर आले. सुदामपुढे खाली बसले. सगळं गाव ऐकत होतं आणि त्यांनी ऐकू जाईल असंच सांगितलं. "सुदाम, तुह्या हातून माय नाही मेली. ही तुही माय नव्हतीच. मी खोटं बोललो होतो. त्या दिवशी दर्भ घरी राह्यला होता माहा, अन् मले भूक लागली होती. घार आली, पिंड घेऊन गेली. मी तोंडाले आलं ते बोललो. नंतरचे बी सगळे खोटे. शाळेतलं घुबड घुबडच हाय. शिकरा शिकरा हाय. कोणी कोणाचा आजा नाही."

मी वाट पाहत होते, कोण पहिला दगड उचलतो याची. सरपंचांनी टोपी काढून डोळे पुसले आणि शेजारच्याला म्हणाले, "पाह्यलं का? पोराच्या जिवासाठी स्वतःवर खोटं घेऊन राह्यले. असा मानूस नाही भेटाचा." शेजारच्याने मान डोलावली. बायका महाराजांच्या पाया पडायला पुढे आल्या. महाराज तळमळून सांगत होते, "अरे, खरं बोलून राह्यलो मी," आणि ते जितकं सांगत तितके आणखी लोक पाया पडायला वाकत होते. मागे उभा असलेला सुदामचा धुऱ्यावरचा शेजारी तर आंब्याच्या दिशेने हात जोडून मोकळा झाला. जन्मभराच्या थापा ज्यांनी डोळे मिटून मानल्या, त्यांनी महाराजांचं पहिलं खरं काही केल्या मानलं नाही. मला हसू आलं आणि हसताना मी रडत होते.

मानलं ते एकट्या सुदामने. तो महाराजांच्या तोंडाकडे पाहत राहिला होता.

"म्हनजे ही घारच होती," तो म्हणाला.

"घारच."

"मंग माही माय कुठं हाय?"

महाराजांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मेलेली माणसं कुठे जातात, कोणत्या दिवशी कुठवर पोहोचतात, हे ते लोकांना जन्मभर सांगत आले होते. त्यांनी तोंड मिटलं. मग म्हणाले, "मले माहीत नाही, बाप्पा. कोणाचंच माहीत नाही."

सुदामने हळूच लुगडं बाजूला केलं. घारीचे डोळे अर्धे उघडे होते. त्याने तिचा लोंबणारा पंख उचलून नीट अंगाशी लावला.

"तं इतके दिवस मी घारीसंगच बोलून राह्यलो होतो."

"हाव."

"मी सांगतलं ते तिले समजलंच नाही."

"कसं समजन सुदाम? पाखरू ते."

आता त्याचा बांध फुटला. आजूबाजूचे त्याला धरायला पुढे झाले, त्याने त्यांना हाताने मागे सारलं. "मंग तं लयच वाईट झालं, महाराज," तो म्हणाला. "माय असती तं तिले कळलं असतं. कोंबडी माह्या हातची हाय म्हनून खाल्ली हिनं. मी ठेवत होतो, ते खात होती. हिले कोनं सांगावं?"

त्याच्या बायकोने खाली बसून पदराच्या टोकाने त्या पाखराची चोच पुसली. औषधाचा फेस तिथे वाळला होता.

"हिचं करा," सुदाम म्हणाला. "दहाव्यापासून सगळं."

"मायचं झालेलं हाय ना," महाराज म्हणाले.

"मायचं नाही. हिचं. घारीचं."

महाराज त्याच्याकडे पाहत बसले. घारीचं दहावं कोणत्या पोथीत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्यांनी घसा साफ केला. कुठल्याही कार्याच्या सुरुवातीला जे विचारायचं तेच त्यांनी विचारलं.

"गोत्र काय सांगू?"

"माहं लावा," सुदाम म्हणाला.